बर्फाच्या घाटात ईको नेताना: वजन, चेन आणि हलका क्लच

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावच्या एमआयडीसीतून दोन कारागीर जानेवारीत हिमाचलात निघणार आहेत. नारकंड्याजवळ सफरचंदाच्या कोल्ड स्टोअरेजचं काम आहे. गाडी मारुती ईको कार्गो, पेट्रोल-सीएनजी. मागे पॅनल, तांब्याच्या नळ्या, वेल्डिंगचा संच असं तीनेकशे किलो सामान. गाडीने आजवर कन्नडचा घाट आणि सातपुड्यातलं पाल-तोरणमाळ एवढंच पाहिलंय. बर्फात ती जाईल का, आणि तयारी काय लागेल?

गाडी जाईल, पण ताकदीवर नाही. बर्फात गाडीचं काय होणार, यातलं बरंचसं बर्फ लागण्याआधीच ठरलेलं असतं: रेडिएटरमध्ये काय भरलंय, मागच्या चाकांवर किती वजन आहे, टायरभोवती गुंडाळायची लोखंडी चेन बसवायचा हात बसलाय का आणि निघायची वेळ कोणती धरली. एवढं जमलं असेल तर पुढचं काम उजव्या पायाच्या अंगठ्याचं आणि डाव्या पायाच्या क्लचचं.

आधी रेडिएटर, कारण आपल्याकडच्या गाड्यांची खरी गोम तिथेच असते. रिझर्व्ह टाकीचं झाकण उघडून आत पाहा. पाणी गंजकट तांबूस दिसलं, बोट बुडवून चोळल्यावर साध्या पाण्यासारखं कोरडं लागलं, तर मेकॅनिकने किंवा पंपावरच्या पोराने कधीतरी नळाचं पाणी टाकलेलं आहे. चांगला कूलंट हिरवा, निळा किंवा गुलाबी असतो आणि बोटांना किंचित बुळबुळीत लागतो. पाणी शून्याला गोठतं आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. त्या फुगण्याला जागा मिळाली नाही की रेडिएटरची नळी फाटते, इंजिन ब्लॉकचे कोअर प्लग, म्हणजे त्याच्या भोकांना लावलेली पत्र्याची बुचं, बाहेर येतात, आणि नशीब फारच वाईट असेल तर ब्लॉकलाच चीर जाते. नारकंड्याला जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली जाणं नित्याचं आहे. म्हणून जुनं पाणी पूर्ण काढा, डिस्टिल्ड पाण्याने एकदा धुवा आणि इथिलीन ग्लायकॉलचा कूलंट व डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. एक भाग कूलंट आणि दोन भाग पाणी केलंत तर ही मर्यादा उणे १७-१८ वर येते, तीही नारकंड्याला पुरेशी आहे. तयार मिश्रणाचा डबा आणला असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नका. रिझर्व्ह टाकीतलं पाणी बदललं आणि रेडिएटरमधलं तसंच ठेवलं, ही चूक फार जण करतात.

काच धुवायच्या बाटलीतही तेच. साधं पाणी रात्रीत गोठून बाटली आणि मोटर दोन्ही फोडतं. ती निघायच्या आधी रिकामी करा आणि न गोठणारा वॉशर फ्लुइड भरा. दुकानात मिळाला नाही तर बाटली रिकामीच राहू द्या, काच पुसायला फडकं ठेवा.

बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर जळगावात उन्हाळा काढलेली ती बॅटरी डोंगरात पहिल्याच पहाटे मान टाकेल. उन्हाळ्याने प्लेटा झिजवलेल्या असतात, थंडी फक्त ते उघड करते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. स्टार्टर मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर बदला. उतरलेल्या बॅटरीचं आणखी एक दुखणं आहे. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल सहसा गोठत नाही, पण पार उतरलेल्या बॅटरीतलं पाणी उणे सात-आठलाच गोठायला लागतं.

सीएनजी गाडीची एक सवय इथे अडवते. पेट्रोलचा काटा कायम तळाशी असतो आणि टाकीत महिनोन्‌महिन्यांचं शिळं पेट्रोल पडलेलं असतं. रिकाम्या टाकीत थंडीने दव धरतं, ते पाणी खाली उतरतं. चंदीगडच्या आसपास टाकी भरून घ्या आणि डोंगरात गॅसच्या भरवशावर राहू नका. उंचीवर तसंही इंजिन दमतं. जळगाव समुद्रसपाटीपासून २०० मीटरवर, नारकंडा सुमारे २,७०० मीटरवर. तिथे हवेचा दाब खालच्या पाऊण पटीपेक्षाही थोडा कमी, म्हणजे इंजिनाला श्वासच पाऊण मिळतो. त्यात गॅसवर ताकद आणखी घटते. सकाळी गाडी सुरू करणं आणि चढ चढणं, दोन्ही पेट्रोलवरच.

ज्यांच्याकडे ईकोऐवजी डिझेल पिकअप आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. भारतीय मानकात उन्हाळी आणि हिवाळी डिझेल वेगळं असतं. घट्ट होऊन वाहणं थांबण्याची मर्यादा उन्हाळी डिझेलला १५ अंश आणि हिवाळीला ३ अंश धरलेली आहे. खानदेशात भरलेली फुल टाकी घेऊन वर गेलात तर पहाटे त्यात मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो. टाकी वर जाताना रिकामी होत आणा आणि डोंगरातल्या पंपावर भरा. रॉकेल मिसळायचा जुना उपाय बीएस-६ इंजिनाच्या पंपाला आणि इंजेक्टरला मारतो. तो विसराच.

आता टायर. कायद्याची किमान खोबण १.६ मिलिमीटर आहे, बर्फासाठी ४ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. खोबण बर्फ चावते, धरून ठेवते आणि बर्फाला बर्फ चिकटतो. पकड मिळते ती अशी. गुळगुळीत टायरला हे करताच येत नाही. खास हिवाळी टायरचं रबर ७ अंशांखालीही मऊ राहतं, आपलं साधं रबर तिथे टणक होतं. पण एका खेपेसाठी चार हिवाळी टायर कोणाला परवडणार? म्हणून चांगली खोबण आणि चेन.

हवेचा हिशेब जरा मजेशीर आहे. दुपारच्या ३० अंशांत ३३ पीएसआय भरलेला टायर उणे ५ ला गेला की साधारण साडेपाच पीएसआय गमावतो. पण वरची हवा विरळ असल्याने गेजवर पावणेचार पीएसआय परत वाढलेलं दिसतं. म्हणजे एकूण घट दोनच्या आसपास. तरी अंदाजावर राहू नका. वर पोचल्यावर सकाळी गार टायरची हवा मोजून दाराच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याला आणा. वाळूत करतात तशी हवा काढून टाकण्याचा सल्ला रस्त्यावरच्या दाबलेल्या बर्फाला लागू नाही. त्यात चेनही सैल पडते.

आता या गाडीचा खरा प्रश्न. ईको मागच्या चाकांवर चालते आणि इंजिन पुढच्या सीटखाली. दोन माणसं पुढे बसली आणि मागे काही नसलं की गाडीचं निम्म्याहून जास्त वजन पुढे, तेही न ओढणाऱ्या चाकांवर. ढोबळ हिशेब पाहा. दाबलेल्या बर्फावर घर्षण ०.२ (म्हणजे चाकावरच्या वजनाच्या पाचव्या भागाएवढी पकड) धरलं आणि मागच्या चाकांवर ४५ टक्के वजन असलं, तर शंभर फुटांत नऊ फुटांपेक्षा जास्त चढ गाडी चढूच शकत नाही, इंजिन कितीही मोठं असो. तेच वजन मागे ६० टक्के केलं की बारा फुटांपर्यंत जमतं. म्हणून तुमचं तीनशे किलो सामान ओझं नाही, ते तुमचं भांडवल आहे. फक्त ते मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे, तळाला, पट्ट्याने जखडून ठेवा. सगळं सामान मागच्या दाराला टेकवून रचलंत तर पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग फिरवलं तरी नाक सरळ जातं. वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर आणि तांब्याची बंडलं खाली, पॅनल वर उभे. वळणावर दोनशे किलो बाजूला सरकलं की निसरड्या रस्त्यावर गाडी तिरकी व्हायला तेवढं पुरतं.

परतीला गाडी रिकामी असेल, याचा विचार आत्ताच करा. पंचवीस-पंचवीस किलोच्या चार वाळूच्या गोण्या टाकून घ्या. वाळू जाड आणि पूर्ण कोरडी हवी, आतून प्लॅस्टिकची पिशवी लावून. ओली वाळू रात्रीत दगड होते, मग ती वजन म्हणून चालेल पण चाकाखाली टाकायला निरुपयोगी. आरसीवरच्या वजनाची मर्यादा मात्र ओलांडू नका. जास्त वजनाने चढाला पकड मिळते, पण उतारावर तेच वजन मागून ढकलतं.

चेन घेताना टायरच्या भिंतीवरचा आकार वाचून घ्या. “छोट्या गाडीची द्या” असं सांगून घेतलेली चेन सैल बसते आणि सुटून ब्रेकचा पाइप तोडते. ईको, सुपर कॅरी, छोटा हत्ती, बोलेरो पिकअप या सगळ्यांना चेन मागच्या चाकांना. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या कारला पुढे. बर्फाच्या गावात चेन भाड्यानेही मिळतात, पण पहिल्यांदा हाताळायची असेल तर स्वतःची घ्या आणि जळगावातच दोनदा बसवून काढा, एकदा हातमोजे घालून. शून्याखाली उघड्या बोटांना लोखंड चिकटतं आणि पाच मिनिटांत बोटं काम सोडतात. लोकरी मोजे आत आणि वर रबरी हातमोजे, ही जोडी सगळ्यात कामाची.

बसवायची रीत अशी. चढ सुरू होण्याआधी सपाट, रुंद जागा गाठा. अर्ध्या चढावर चेन बसवायला उतरणं म्हणजे गाडी घसरायची वाट पाहणं. हँडब्रेक लावा, पुढच्या चाकांना ओंडका लावा. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा, हुकांची तोंडं टायरच्या उलट बाजूला, नाहीतर टोक रबरात घुसतं. चाकावरून चादरीसारखी सोडा, आतल्या बाजूचा हुक आधी लावा, मग बाहेरचा. आतला हुक दिसत नाही, तो हातानेच चाचपून लावावा लागतो. सरावाची गरज तिथेच आहे. ताणायची कडी ओढून लावली की गाडी पन्नास-शंभर मीटर पुढे घ्या, थांबा आणि पुन्हा ताणा. पहिल्यांदा कितीही घट्ट वाटली तरी ती या अंतरात ढिली होतेच. चेनवर ताशी ३० किलोमीटर पुरे. डांबर उघडं दिसायला लागलं की काढा, कारण कोरड्या डांबरावर कड्या झिजून तुटतात आणि तुटलेली कडी चाकाच्या कमानीत आपटत पत्रा फाडते. फट्‌फट् आवाज लयीत आला की थांबून बघा, पुढच्या वळणापर्यंत ढकलू नका.

चालवण्याकडे वळू. खानदेशातल्या ड्रायव्हरला निसरडा रस्ता परका नाही. मृगाच्या पहिल्या सरीनंतर केळीच्या मळ्यातून काळ्या मातीच्या वाटेने पिकअप बाहेर काढलेल्या माणसाला बरंच काही येतं: चढावर मध्येच थांबायचं नाही, स्टेअरिंगला झटका द्यायचा नाही, दुसऱ्या गिअरला एका चालीने निघायचं. या सवयी बर्फात जशाच्या तशा कामी येतात. एक सवय मात्र घातक आहे. काळ्या मातीत चाक फिरायला लागलं की आपण पाय दाबतो. खोबणीतला चिखल फेकला जातो, खाली कुठेतरी टणक लागतं आणि गाडी निघते. बर्फात फिरणारं चाक वरचा थर घासून वितळवतं, पाण्याचा पातळ पापुद्रा होतो आणि चाक थांबताच तो काचेसारखा गोठतो. चार सेकंद रेस केली की चाकाखाली स्वतःच्या हाताने आरसा बसवला. म्हणून चाक फिरलं की लगेच पाय उचला.

निघताना दुसरा गिअर. क्लच सावकाश वर येऊ द्या. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित बसतो आणि सीटखाली बारीक थरथर लागते, तिथे पाय दोन सेकंद थांबवा. गाडी आपसूक सरकायला लागेल, तेव्हाच अॅक्सिलरेटरला अंगठ्याने स्पर्श करा. पहिल्या गिअरला चाकावर इतका जोर येतो की ते जागेवरच फिरतं. चढ मोठा असेल तर पुढची गाडी वर पोचेपर्यंत खाली थांबा. तिच्या मागे लागून निघालात आणि ती अडकली, तर तुम्हीही अडकलात. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट देणं हा आपला नियमच आहे, बर्फात तो मनापासून पाळा, कारण थांबलेली चढती गाडी पुन्हा निघेलच असं नाही.

ब्रेकचा हिशेब आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. ताशी ४० च्या वेगाने कोरड्या डांबरावर गाडी ब्रेक लागल्यापासून ९ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर ३० मीटर आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर साठच्या पुढे. वेग निम्मा, म्हणजे २० केला, की अंतर चौथाई होतं: बर्फावर ८, काचेवर १६ मीटर. हे सपाटीचं झालं. शंभरात सहा फूट उतार असेल तर २० च्या वेगालाही काचेवर चाळीसेक मीटर लागतात, आणि दहा फूट उतार असेल तर गाडी ब्रेकने थांबतच नाही, ती नुसती घसरत राहते. म्हणून बर्फाळ उताराला वेग माथ्यावरच ठरवावा लागतो. माथ्यावर चालण्याच्या वेगापर्यंत या, पहिला किंवा दुसरा गिअर टाका आणि इंजिनाला गाडी धरू द्या. गिअर वरून एकदम खाली आपटू नका. मागच्या चाकांवरच्या गाडीत अचानक उतरवलेला गिअर हँडब्रेक ओढल्यासारखाच वागतो, मागची चाकं अडकतात आणि शेपूट दरीकडे फिरतं. एकेक गिअर, क्लच हळू सोडत.

आणि चालत्या गाडीत हँडब्रेकला हात नाही.

शेपूट सुटलंच तर अॅक्सिलरेटर सोडा, क्लच दाबा, ब्रेकला पाय लावू नका आणि शेपूट ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला स्टेअरिंग वळवा, थोडंसंच. गाडी सरळ व्हायला लागली की लगेच स्टेअरिंग परत आणा. बहुतेकांची गाडी दुसऱ्या हेलकाव्यात उलटी फिरते, कारण स्टेअरिंग परत आणायला उशीर होतो. नाक सरळ चाललं आणि गाडी वळतच नसेल तर उलट करा: स्टेअरिंग थोडं सैल सोडा, वेग उतरू द्या, पुढची चाकं पकड घेतील. एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा, असेल तर ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली कुरकुरत थरथरतं. ते बिघडलेलं नाही, पाय उचलू नका. एबीएस नसेल तर दाब-सोड, दाब-सोड.

रस्ता कुठे धोक्याचा ते ओळखता आलं पाहिजे. पांढरा बर्फ दिसतो, तो निम्मा मित्रच आहे. खरा घात पारदर्शक बर्फाच्या थराने होतो. डांबर नुसतं ओलं, काळं चकचकीत दिसतं. तो देवदारांच्या सावलीत, उत्तरेकडे तोंड असलेल्या वळणांवर आणि पुलांवर धरतो, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो. खुणा सांगतो: टायरचा सळसळ आवाज अचानक बंद होतो, पुढच्या गाडीच्या चाकामागे उडणारं पाणी दिसेनासं होतं, स्टेअरिंग हाताला हलकं लागतं. अशा वेळी काहीच करू नका. ना ब्रेक, ना गिअर, ना वळण. पाय अलगद उचला आणि थर ओलांडू द्या.

दुपारी बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावर पसरतं आणि ऊन गेलं की तेच गोठतं. म्हणून शिमल्याच्या पुढचं अंतर सकाळी दहानंतर आणि दुपारी तीनच्या आत कापायचं. जळगावहून सलग गाडी मारत रात्री कुफरीला पोचायचा बेत असेल तर तो मोडा. सोलन किंवा शिमल्याच्या खालीच मुक्काम करा. कुफरी, फागू, ठियोग, मतियाना, नारकंडा हा राष्ट्रीय महामार्ग ५ चा पट्टा बर्फवृष्टीनंतर बंद पडतो. रामपूरकडच्या गाड्या तेव्हा मशोबरा-बसंतपूर-किंगल मार्गे वळवतात. निघायच्या सकाळी हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा इशारा आणि पोलिसांची सूचना दोन्ही बघा. वर बर्फ पाडतो तो पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून हिमालयावर येणारी पावसा-बर्फाची हवा. तो सरकून गेला की आकाश मोकळं होतं, आणि त्याच वेळी उत्तरेचे गार वारे आपल्याकडे उतरून जळगावचा पारा खाली येतो. घरी थंडीची लाट आली असेल तर बहुधा वर रस्ता काच झालेला आहे.

पहाटे पडलेल्या बर्फात आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या असतात. ताजा बर्फ असेल तर चाकोरीतून जा. रात्रभर गोठलेल्या चाकोरीत मात्र काच असते, तिथे एक बाजूची चाकं शेजारच्या भुसभुशीत बर्फावर ठेवली तर पकड बरी मिळते. पण डोंगराच्या बाजूला फार सरकू नका, बर्फाखाली उघडी नाली असते आणि त्यात चाक गेलं की क्रेनशिवाय निघत नाही. बर्फ चार बोटं असेल तर ईको जाते. वीतभर झाला की गाडीचं पोट टेकतं, चाकं लोंबकळल्यासारखी होतात आणि मग चेनही काही करू शकत नाही. तिथून माघारी फिरणं हाच शहाणपणा.

अडकलात तर आधी उतरून पाहा. पुढची चाकं सरळ करा. चारही चाकांपुढचा आणि पोटाखालचा बर्फ फावड्याने काढा, पोटाखालचा काढायला लोक विसरतात. मागच्या चाकांपुढे वाळू टाका, त्यावर गोणपाट चाकाखाली खुपसा. दुसऱ्या गिअरला अलगद पुढे, नाही निघाली तर रिव्हर्सला अलगद मागे, अशी झुलवत काढा. ढकलणारा माणूस बाजूला उभा राहील, चाकाच्या थेट मागे नाही, कारण चाक फिरलं की गोणपाट गोळीसारखं मागे सुटतं.

रस्ता बंद पडून रात्र गाडीत काढावी लागली तर एक गोष्ट जिवाची आहे. बर्फ सायलेन्सरचं तोंड बुजवतो आणि धूर फटींतून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. माणूस झोपेतच जातो. इंजिन चालू करायच्या आधी प्रत्येक वेळी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, तासाला दहाच मिनिटं चालवा, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. कोळशाची शेगडी किंवा गॅसचा स्टोव्ह बंद गाडीत पेटवायचा नाही, दार किलकिलं ठेवूनही नाही. दोन ब्लँकेट, कोरडे मोजे, पाणी, शेंगदाणे-गूळ आणि टॉर्च सीटमागे असू द्या, सामानाच्या तळाशी नाही. मदतीला ११२, आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका. ओले ब्रेक शू ड्रमला गोठून चिकटतात आणि सकाळी मागची चाकं फिरत नाहीत. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ओंडके लावा. वायपर काचेपासून उचलून ठेवा. दारांच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारलेला असेल तर सकाळी दार ओढताना रबर फाटणार नाही. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतलं की काच तडकते. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा आणि टपावरचा बर्फही झाडूनच निघा, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो सगळा पुढच्या काचेवर येतो. आतून काच धुकटते ती दोन माणसांच्या श्वासाने आणि ओल्या बुटांनी. बूट झटकून आत या, दोन्ही काचा बोटभर उघडा आणि हीटर काचेवर सोडा. कार्गो मॉडेलमध्ये हीटर आहे का, हे जळगावातच तपासून घ्या.

एवढं सगळं बर्फाचं झालं, पण या प्रवासातला मोठा धोका कदाचित त्याआधी दिल्ली-कर्नाल-अंबाला पट्ट्यात भेटेल. तिथलं जानेवारीचं धुकं बर्फापेक्षा जास्त बेसावध गाठतं. पहाटेचे तास टाळा, लो बीम ठेवा, मागच्या दारांना लाल परावर्तक पट्टी लावा आणि महामार्गावर कडेलाही उभे राहू नका, पंपात किंवा ढाब्यात आत घ्या.

एक पर्याय खर्चात बसत असेल तर जरूर धरा. बर्फ ताजा असेल तर ईको शिमल्यात किंवा ठियोगला लावा आणि शेवटच्या तीस-साठ किलोमीटरसाठी तिथल्या चालकासह फोर-बाय-फोर पिकअप भाड्याने घ्या. त्याला नाली कुठे आहे आणि कोणत्या वळणावर ऊन येत नाही हे तोंडपाठ असतं. पॅनल आणि तांब्याच्या नळ्यांच्या किमतीपुढे ते भाडं काहीच नाही.

परत आल्यावर चेन धुऊन, वाळवून, तेलाचा हात देऊन ठेवा, गाडीचं पोट पाण्याच्या दाबाने धुवा आणि ब्रेकचे पाइप कुठे घासलेत का ते एकदा रॅम्पवर चढवून बघा. कूलंट मात्र “आता थंडी संपली” म्हणून काढून पुन्हा नळाचं पाणी भरू नका. तोच कूलंट पाण्यापेक्षा उशिरा उकळतो, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात भुसावळ रोडला लागलेल्या याच ईकोला त्याची तितकीच गरज पडणार आहे.